ग्रंथशोध

ग्रंथशोध म्हणजे वाचकाने आपल्याला हवे असलेले, किंवा हवे आहे हे अजून ठाऊक नसलेले, पुस्तक शोधून काढण्याची क्रिया. ग्रंथालयशास्त्रात वर्गीकरण, तालिकीकरण, ग्रंथसूची आणि संदर्भसेवा या शाखा याच एका कामासाठी उभ्या राहिल्या. मराठीत हे काम करणाऱ्या संस्था मुख्यतः सार्वजनिक वाचनालये आहेत. ग्रंथसूचीकार, कोशकार, मासिके, वाचक चळवळी आणि अलीकडे संगणकीय तालिका यांनीही त्यात भर घातली आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील ग्रंथशोधाची साधने, त्यांचा इतिहास आणि त्यांतील अडचणी यांची माहिती दिली असून उदाहरणे शक्य तेथे पनवेल व रायगड जिल्ह्याच्या परिसरातून घेतली आहेत.

संकल्पना

वाचक दोन प्रकारे पुस्तकाकडे येतो. पहिल्या प्रकारात त्याला ग्रंथाचे किंवा लेखकाचे नाव माहीत असते आणि प्रत कोठे आहे एवढेच हवे असते. दुसऱ्या प्रकारात त्याच्याजवळ फक्त एखादा विषय, एखादी आवड किंवा नुसता मोकळा वेळ असतो. पहिल्या वाचकाचे काम नीट लावलेल्या तालिकेने भागते. दुसऱ्याला मात्र कपाटापुढे उभे राहून पाने चाळावी लागतात आणि ग्रंथपालाचा किंवा सहवाचकाचा सल्ला घ्यावा लागतो. बालवाचक जवळजवळ नेहमीच या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांपैकी तीन थेट ग्रंथशोधाशी संबंधित आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा आणि या कामी वाचकाचा वेळ वाचावा, असा त्यांचा आशय आहे. यांतील दुसऱ्या सूत्राकडे व्यवहारात सर्वांत कमी लक्ष दिले जाते. तालिकेत नोंद नसलेला किंवा चुकीच्या कपाटात गेलेला ग्रंथ वाचनालयाच्या इमारतीत असूनही नसल्यासारखाच असतो.

पनवेलचे उदाहरण

एकोणिसाव्या शतकातील पनवेलची माहिती हवी असलेल्या विद्यार्थ्याला ग्रंथशोधातील अडचण चांगली कळते. पनवेल आज रायगड जिल्ह्यात आहे. रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा असे होते, हे ज्याला ठाऊक आहे तो साहजिकच मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा व जंजिरा यांना वाहिलेला १८८३ चा खंड मागवतो. त्यात त्याला पनवेल तालुका सापडत नाही. गॅझेटियरची पाहणी झाली त्या वेळी पनवेल हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. त्यामुळे तेथील शेती, बंदर, व्यापार आणि लोकवस्ती यांचे वर्णन १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या तेराव्या खंडात आहे, तर गावाचे स्वतंत्र टिपण त्याच जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळांना दिलेल्या चौदाव्या खंडात आहे. पुढे महाराष्ट्र राज्याने काढलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या सुधारित गॅझेटियरमध्ये मात्र पनवेल आढळते. एकाच गावासाठी ठाणे, कुलाबा आणि रायगड अशी तीन नावे शोधावी लागतात आणि तिन्ही ठिकाणी माहिती निरनिराळ्या काळाची मिळते. वाचनालयाच्या तालिकेत ‘पनवेल’ या शब्दाखाली या सर्व खंडांकडे बोट दाखवणारी एक नोंद असली, तर विद्यार्थ्याचे कित्येक दिवस वाचतात. अशी नोंद यंत्र आपोआप तयार करत नाही. ती कोणीतरी खंड उघडून, वाचून करावी लागते.

दुसरे उदाहरण शेजारच्या पेण तालुक्यातील आहे. वरसई येथील विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तर हिंदुस्थानात गेले आणि उठावाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. परत आल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी लिहिलेली हकिकत चिंतामण विनायक वैद्य यांनी संपादित करून १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. वैद्यांनी मूळ मजकुरात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली काढली. हे पुस्तक कोणत्या कपाटात ठेवावे? शीर्षक पाहून प्रवासवर्णनात ठेवणारी वाचनालये आहेत, विषय पाहून इतिहासात ठेवणारी आहेत आणि आत्मचरित्रात ठेवणारीही आहेत. तिन्ही निर्णय समर्थनीय आहेत. आवृत्ती कोणती, ही नोंद मात्र गाळणे समर्थनीय नाही, कारण अभ्यासकाला वैद्यांची भाषा हवी की गोडसे भटजींची, हा फरक त्याच नोंदीवर अवलंबून असतो.

नावाखाली शोध

मराठी लेखक तालिकेत आडनावाखाली नोंदला जातो, म्हणजे ‘देशपांडे, पु. ल.’ अशा रीतीने. संतांची नोंद मात्र त्यांच्या प्रचलित नावाखाली होते, त्यामुळे तुकाराम ‘त’मध्ये आणि नामदेव ‘न’मध्ये मिळतो. खरी गुंतागुंत टोपणनावांमुळे होते. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले आणि बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, हे शाळेत शिकवले जाते. पण एकाच लेखकाने दोन नावांनी लिहिले असेल तर? विष्णू वामन शिरवाडकरांची कविता कुसुमाग्रज या नावाने आणि ‘नटसम्राट’सारखी नाटके शिरवाडकर या नावाने आहेत. चिंतामण त्र्यंबक खानोलकरांच्या कादंबऱ्या त्यांच्या स्वतःच्या नावावर, तर कविता आरती प्रभू या नावावर आहेत. कवितेने भारावलेला वाचक कादंबरीपर्यंत पोचावा यासाठी तालिकेत ‘हेही पहा’ अशी परस्परनोंद करतात. ती नसेल तर हे दोन लेखक दोन अनोळखी माणसांप्रमाणे दोन खणांत पडून राहतात.

स्त्रीलेखिकांच्या बाबतीत टोपणनावाला आणखी एक पदर आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने निघाला. लेखिकेचे माहेरचे नाव बाळूताई खरे आणि विवाहानंतरचे मालतीबाई बेडेकर. त्या काळात या कथांवर जो गदारोळ उठला, तो पाहता नाव लपवणे त्यांच्यासाठी गरजेचेच होते. आज मात्र तिन्ही नावे एकमेकांना जोडलेली नसतील, तर त्यांचे समग्र लेखन एका जागी दिसत नाही.

विषय आणि कपाट

महाराष्ट्रातील मोठ्या ग्रंथालयांत मेल्व्हिल ड्यूई यांची १८७६ साली प्रथम प्रसिद्ध झालेली दशांश पद्धती सर्वाधिक वापरात आहे. तीत सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडले असून मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक मिळतो. त्यापुढे १ लावला की काव्य, २ लावला की नाटक, ३ लावला की कथा-कादंबरी. भारताचा इतिहास ९५४ खाली आणि प्रवास ९१० खाली येतो. ही पद्धती अमेरिकेत आखलेली असल्याने धर्माच्या २०० ते २९९ या पट्ट्यातील बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापली आहे आणि हिंदू धर्म २९४.५ या एका अंकाखाली दाटीवाटीने बसवावा लागतो. ज्ञानेश्वरी काव्यात घालावी की धर्मात, हा वाद प्रत्येक मराठी ग्रंथपालाने निदान एकदा तरी स्वतःशी घातलेला असतो.

लहान वाचनालये अंकांच्या वाटेला फारशी जात नाहीत. तेथे कादंबरी, कथा, नाटक, काव्य, चरित्र, प्रवास, धार्मिक, बालसाहित्य आणि संकीर्ण असे ठळक विभाग केलेले असतात व प्रत्येक विभागात पुस्तके दाखल क्रमांकाने लावलेली असतात. रोजच्या देवघेवीला हे सोयीचे आहे. मात्र ‘संकीर्ण’ हे कपाट म्हणजे विस्मृतीची वाट होते. पक्षिनिरीक्षण, घरगुती औषधे, गणितातील कोडी, बोलीभाषांचे कोश अशी ज्यांना जागा सापडली नाही ती सारी पुस्तके तेथे जातात. कर्नाळ्याच्या अभयारण्यात जाऊन आल्यावर पक्ष्यांवरचे मराठी पुस्तक मागणाऱ्या मुलाला ते बहुधा याच कपाटात मिळते, आणि तेही ग्रंथपालाला आठवले तर.

साहित्यप्रकारांच्या प्रतिष्ठेचाही ग्रंथशोधावर परिणाम होतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. ही पुस्तके स्वस्त कागदावर छापलेली, सतत हातोहात फिरणारी, पुन्हा पुन्हा बांधणी केलेली आणि शेवटी जीर्ण म्हणून बाद केलेली असत. वाङ्मय म्हणून त्यांची गणना होत नसल्याने त्यांच्या जागी नवी प्रत घेण्याची किंवा जुनी जपून ठेवण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. परिणामी, एके काळी सर्वाधिक वाचली गेलेली मराठी पुस्तके आज अभ्यासकाला सर्वांत दुर्मीळ झाली आहेत. क्वचित वाचले गेलेले निबंधसंग्रह मात्र कोऱ्या अवस्थेत टिकून आहेत. वाचनाचा इतिहास उरलेल्या प्रतींवरून लिहू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

ग्रंथसूची

एखादे पुस्तक कोणत्याच जवळच्या वाचनालयात नसले, तरी ते कधी छापले गेले होते की नाही हे ग्रंथसूची सांगते. मराठीत हे काम शंकर गणेश दाते यांनी केले. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची त्यांची विषयवार ‘मराठी ग्रंथसूची’ १९४४ साली प्रसिद्ध झाली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये आला. संगणक नसलेल्या काळात गावोगावच्या संग्रहांतील पुस्तके तपासून केलेले हे काम आजही मराठी मुद्रणाच्या पहिल्या दीडशे वर्षांचा मुख्य आधार आहे. सूचीत नोंद असलेली अनेक पुस्तके आता कोठेही मिळत नाहीत. त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणजे ती नोंदच. पुढील काळाच्या सूचीचे काम शरद केशव साठे यांनी चालवले. नियतकालिकांसाठी दाते, काळे आणि बर्वे यांची सूची वापरली जाते.

१९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार भारतातील प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील नियत ग्रंथालयांना देणे बंधनकारक आहे. सर्वच प्रकाशक, विशेषतः स्वतःच पुस्तक छापणारे लेखक, हा कायदा पाळतात असे नाही. गावातल्या छापखान्यात छापलेले स्थानिक इतिहासाचे किंवा आगरी बोलीतील गाण्यांचे पुस्तक म्हणूनच स्थानिक वाचनालयाने विकत घेतले नाही, तर ते पुढच्या पिढीला मिळण्याची शक्यता कमी असते.

वाचनालयांची वाढ

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांची सुरुवात रत्नागिरी येथे १८२८ साली झाली असे मानले जाते. त्यानंतर नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) अशी वाचनालये निघाली. पुण्याच्या वाचनालयाच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता. या पहिल्या पिढीचे नाव बहुधा ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे असे आणि तेथील संग्रहात इंग्रजी पुस्तकांचा भरणा मोठा असे. मराठी पुस्तके हाच मुख्य उद्देश ठेवून उभी राहिलेली संस्था म्हणजे १ जून १८९३ रोजी स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे आहे.

मुंबई प्रांताच्या सरकारने १९३९ साली आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत होऊन १ मे १९६८ पासून लागू झाला. इतर काही राज्यांप्रमाणे येथे ग्रंथालय कर बसवलेला नाही. वाचनालये लोकांच्या संस्थांनी चालवायची आणि शासनाने अ, ब, क, ड या वर्गांनुसार त्यांना अनुदान द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यामुळे वाचनालये खेडोपाडी पोचली. अनुदान तुटपुंजे असल्याने प्रशिक्षित ग्रंथपाल मात्र सर्वत्र पोचला नाही, आणि ग्रंथशोधाच्या दृष्टीने उणीव नेमकी हीच आहे.

पनवेल येथे नगरपालिका १८५२ इतक्या लवकर स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून तिचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. जुन्या शहरात के. गो. लिमये यांच्या नावाचे सार्वजनिक वाचनालय आहे. महानगरपालिकेच्या हद्दीत खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल अशा नव्या वसाहती आल्या. तेथील रहिवासी राज्याच्या आणि देशाच्या सर्व भागांतून आलेले आहेत, तर मूळ गावांत आगरी, कोळी, कराडी समाज आणि डोंगराकडच्या वाड्यांवर ठाकूर व कातकरी वस्ती आहे. एवढ्या निरनिराळ्या वाचकांना एकाच कादंबरीच्या कपाटावर समाधान मानायला लावणे योग्य होणार नाही.

मुक्तद्वार पद्धती

जुन्या वाचनालयांत कपाटे कुलूपबंद असत. सभासदाने छापील किंवा हस्तलिखित यादीतून क्रमांक निवडायचा, चिठ्ठी खिडकीवर द्यायची आणि आतून पुस्तक येईपर्यंत थांबायचे, ही रीत होती. मागितलेले पुस्तक ‘बाहेर’ असल्यास दुसरे नाव, तिसरे नाव, आणि शेवटी ग्रंथपालाच्या हाताला येईल ते. मुक्तद्वार पद्धतीत वाचक स्वतः कपाटापर्यंत जातो. पुस्तके गहाळ होणे आणि चुकीच्या जागी परत ठेवली जाणे हे तिचे तोटे आहेत. तरीही, ठाऊक नसलेले पुस्तक सापडण्याचा तिच्याइतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही, आणि पुस्तक जागेवर परत न ठेवता टेबलावर ठेवण्याची साधी सूचना पाळली गेली, तर दुसरा तोटा बराचसा टळतो.

दिवाळी अंक हेही ग्रंथशोधाचे महत्त्वाचे साधन आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून कथा, कविता, लेख, व्यंगचित्रे यांचा एकत्र नमुना वाचकाला वर्षातून एकदा मिळतो आणि नवा लेखक बहुधा तेथेच प्रथम भेटतो. अनेक वाचनालये ठराविक वर्गणीत सर्व दिवाळी अंक आळीपाळीने देण्याची योजना राबवतात. एरवी फक्त कादंबऱ्या नेणारा सभासद या काळात निबंधही वाचतो, असा ग्रंथपालांचा अनुभव आहे.

बालवाचक

मराठीत मुलांसाठी नियतकालिके लवकर निघाली. मिशनऱ्यांचा ‘बालबोधमेवा’ १८७३ चा, विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ १८८१ चे आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ चे. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ १९७१ पासून चालू असून त्याचे जुने अंक आता महाजालावर विनामूल्य वाचता येतात.

मूल पुस्तक शोधते ते पात्राच्या मागोमाग. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एकदा आवडला की त्या मालेतील पुढचे पुस्तक तत्काळ हवे असते, आणि मालेतील मधलेच पुस्तक गहाळ असणे ही वाचनालयातील नेहमीची तक्रार आहे. फेणेची पुस्तके संपल्यावर त्याच लेखकाने मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या साहसकथा पुढे ठेवल्या, तर मूल विज्ञानकथेकडे वळते. हे ‘पुढे ठेवणे’ घडण्यासाठी बालविभागात अनुवादकाच्या नावाने नोंद असावी लागते आणि ती बहुतेक ठिकाणी नसते. दुसरी अडचण वयाच्या सीमेची आहे. ‘श्यामची आई’ बालविभागात असते, पण बारा ते सोळा वर्षांच्या वाचकाला तेथून प्रौढ विभागाकडे नेणारे असे वेगळे कपाट थोड्याच वाचनालयांत आढळते. बालसभासदाच्या कार्डावर मोठ्यांची पुस्तके न देण्याचा नियम अनेक ठिकाणी आहे. वाचनाची भूक सर्वांत जास्त असते त्याच वयात त्यामुळे दार बंद होते.

वाचकापर्यंत जाणारी पुस्तके

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० साली अमेरिकी ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना पाचारण करून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारले. ज्या खेड्यात वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून पाठवली जात. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००९ मध्ये, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. तीतही पेटीच आहे. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाला दिली जाते आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी कुटुंबांतही अशा पेट्या फिरल्या. या पद्धतीचा विशेष असा, की पेटीत काय आहे हे वाचकाने ठरवलेले नसते. कविता कधीच न मागणाऱ्या घरातही कवितासंग्रह पोचतो. पेटीची निवड एकसुरी झाली तर मात्र हाच गुण दोष ठरतो.

१९७० च्या दशकात ‘ग्रंथाली’ने वाचक चळवळ म्हणून स्वस्त पुस्तके आणि गावोगावची प्रदर्शने यांचा मार्ग धरला. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही आत्मकथने याच संस्थेने वाचकांपुढे आणली. साताऱ्यातील पाचगणीजवळचे भिलार हे ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून ओळखले जाते. राज्य मराठी विकास संस्थेच्या या प्रकल्पात आरंभी गावातील पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवण्यात आली. एका घरात इतिहास, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात बालसाहित्य अशी वाटणी असल्यामुळे वाचक एका साहित्यप्रकारातून दुसऱ्याकडे अक्षरशः चालत जातो. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावात जुन्या पुस्तकांची विक्री होते. भिलारमध्ये विक्री नाही, तेथे बसून फुकट वाचता येते.

संगणकीय शोध

संगणकीय तालिकेमुळे शोध जलद झाला, पण मराठीपुरत्या काही अडचणी शिल्लक आहेत. अनेक वाचनालयांच्या जुन्या नोंदी युनिकोडपूर्व टंकांत केलेल्या असल्याने आज त्या शोधल्या तरी सापडत नाहीत. शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले. त्यापूर्वीच्या शीर्षकांत व्युत्पत्तीनुसार अनुस्वार दिलेले असत. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या खंडांचे नाव नोंद करणाऱ्याने मूळ अनुस्वारांसह टंकले आणि शोधणाऱ्याने त्यांच्याविना टंकले, तर यंत्राला ती दोन वेगळी नावे वाटतात. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर तर पडद्यावर एकसारखे दिसत असूनही दोन निराळ्या रीतींनी टंकले जाते. ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’ असे शब्द असलेली शीर्षके शोधताना म्हणून सोपा भाग तेवढा टंकावा किंवा लेखकाच्या नावाने शोधावे.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन भारतात स्वामित्वहक्कातून मुक्त होते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, त्यामुळे त्यांची पुस्तके २०११ च्या आरंभापासून कोणालाही छापता व महाजालावर ठेवता येतात. अशा मुक्त प्रती वाढत असल्या, तरी त्यांतील बऱ्याच प्रती केवळ पानांची छायाचित्रे आहेत. त्यांच्या मजकुरात शोध घेता येत नाही आणि फाइलीचे नाव रोमन लिपीत मनाला येईल तसे लिहिलेले असते. ही पुस्तके पुन्हा टंकून, मुद्रिते तपासून विकिस्रोतासारख्या ठिकाणी ठेवण्याचे काम स्वयंसेवक करतात. एका पानाला साधारण दोन तपासण्या लागतात.